म्युऑनचं घड्याळ आणि आखडलेला डोंगर : टाइम डायलेशन, लेंग्थ कॉन्ट्रॅक्शन सोप्या मराठीत

(हा भाग ऐकायला साधारण वीस मिनिटं लागतात. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे त्याचं लेखी रूप. आकडेमोड नीट दिसावी म्हणून काही वाक्यं सुटसुटीत केली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



एक काम करा. मोबाइल बाजूला ठेवा आणि तळहात उताणा करून समोर धरा. काही जाणवलं? नाही ना? पण तुमच्या तळहातातून दर सेकंदाला सरासरी एखादा कण आरपार निघून जातोय. छतातून आला, हातातून गेला, फरशीतून खाली उतरला. या कणाचं नाव म्युऑन. हा भाग संपेपर्यंत हजारभर म्युऑन तुमच्या हातातून गेलेले असतील.

आता यातली मेख सांगतो. साधा शाळेतला हिशेब केला, तर हे कण इथपर्यंत पोचायलाच नको होते. वाटेतच संपायला हवे होते. तरी ते पोचतात. का पोचतात, याचं उत्तर म्हणजेच टाइम डायलेशन आणि लेंग्थ कॉन्ट्रॅक्शन. मराठीत म्हणायचं तर कालविस्तार आणि लांबीचं आकुंचन.

या विषयावर मला विद्यार्थ्यांकडून येणारे प्रश्न साधारण दोनच असतात. पहिला : "हे खरंच होतं, की नुसतं तसं दिसतं?" आणि दुसरा : "दोघंही म्हणतात दुसऱ्याचं घड्याळ मंद आहे, मग खरं कोण बोलतंय?" सूत्रं सगळ्यांना पाठ असतात, पण या दोन प्रश्नांपाशी गाडी अडते. म्हणून आज आपण सूत्रांच्या मागे न लागता या दोन प्रश्नांच्या मागे लागू या. आणि सोबतीला आपला म्युऑन आहेच.

म्युऑनचं आयुष्य केवढं?

म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जाडजूड भाऊ. विद्युतभार तेवढाच, पण वस्तुमान सुमारे २०७ पट. अंतराळातून येणारे वैश्विक किरण, म्हणजे मुख्यतः प्रोटॉन, वातावरणाच्या वरच्या थरात हवेतल्या अणुकेंद्रांवर आदळतात. त्या धडकेतून पायॉन नावाचे कण तयार होतात आणि त्यांच्यापासून म्युऑन. हे सगळं जमिनीपासून साधारण १५ किलोमीटर उंचीवर घडतं.

पण म्युऑन टिकाऊ नाही. त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. सरासरी म्हणतोय हे लक्षात ठेवा : काही आधी संपतात, काही जास्त टिकतात. पण दर २.२ मायक्रोसेकंदांनी त्यांची संख्या साधारण ३७ टक्क्यांवर येते.

आता हिशेब करू. म्युऑन अगदी प्रकाशाच्या वेगानं पळाला असं धरलं, तरी २.२ मायक्रोसेकंदांत तो ६६० मीटर जाईल. आणि यायचंय १५ किलोमीटर! प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगानं हे अंतर कापायला सुमारे ५० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ २३ आयुष्यं. दर आयुष्यागणिक संख्या ३७ टक्क्यांवर, असं २३ वेळा. शेवटी उरतो सुमारे आठशे कोटींत एक. तळहातातून सेकंदाला एक, हे कसं जमणार?

म्हणजे आपल्या हिशेबात कुठंतरी गफलत आहे. ती शोधायला थेट १९०५ सालात जावं लागेल.

प्रकाशाचा हट्ट

१९०५ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या आइन्स्टाइननं दोनच गोष्टी गृहीत धरल्या. एक : सरळ रेषेत, एकसमान वेगानं चाललेल्या प्रत्येकासाठी भौतिकशास्त्राचे नियम सारखेच. आवाज नाही, धक्का नाही, खिडक्या बंद, अशा गाडीत बसून कुठलाही प्रयोग केला तरी गाडी उभी आहे की धावते आहे हे कळणार नाही. दोन : निर्वात पोकळीतला प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच मोजता येतो, मग दिवा तुमच्याकडे धावत येवो की लांब पळत जावो.

दुसरी गोष्ट ऐकायला साधी, पण पचायला जड. धावत्या गाडीतून पुढे चेंडू फेकला, तर फलाटावरच्या माणसाला चेंडूचा वेग अधिक गाडीचा वेग अशी बेरीज दिसते. प्रकाशाच्या बाबतीत ही बेरीज होत नाही. गाडीतला म्हणतो सेकंदाला २९९७९२४५८ मीटर, आणि फलाटावरचाही तोच आकडा सांगतो. प्रकाश आपला हट्ट सोडत नाही.

वेग म्हणजे काय? अंतर भागिले वेळ. दोघांना वेग सारखाच यायचा असेल आणि अंतर वेगळं पडत असेल, तर वेळही वेगळा पडलाच पाहिजे. सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. आता ती कागदावर उतरवू.

तीन, चार, पाच

गाडीचा एक डबा डोळ्यांसमोर आणा. डबा चार मीटर उंच. फरशीवर एक आरसा, छताला एक आरसा, आणि मध्ये प्रकाशाचा एक झोत खाली-वर, खाली-वर करतोय. हे झालं आपलं प्रकाशाचं घड्याळ. प्रकाशाला एक मीटर जायला जेवढा वेळ लागतो, त्याला आपण एक 'टिक' म्हणू. डब्यात बसलेल्या मुलीच्या मते झोत सरळ वर गेला, चार मीटर गेला, चार टिक लागल्या. विषय संपला.

आता ही गाडी प्रकाशाच्या ६० टक्के वेगानं फलाटासमोरून गेली. (अशी गाडी कुणाकडेच नाही, पण विचार करायला तिकीट लागत नाही!) फलाटावरच्या मुलाला काय दिसेल? झोत वर जाईपर्यंत छताचा आरसा पुढे सरकलेला असेल. म्हणजे झोत सरळ नाही, तिरपा गेला. किती तिरपा? समजा पाच टिक लागल्या. तेवढ्या वेळात गाडी गेली तीन मीटर, कारण पाचाचे ६० टक्के तीन. उंची चार मीटर. तीन आणि चार या बाजू, मग कर्ण किती? पायथागोरस सांगतो, पाच. आणि पाच टिकांत प्रकाश जातो बरोबर पाच मीटर. हिशेब जुळला.

म्हणजे तीच घटना, झोत फरशीवरून छताला पोचला एवढीच. गाडीतल्या घड्याळानं चार टिक, फलाटावरच्या घड्याळांनी पाच टिक. फलाटावरचा मुलगा म्हणणार, "गाडीतलं घड्याळ मंद चालतंय." हेच टाइम डायलेशन. पाच भागिले चार, म्हणजे १.२५. या आकड्याला गॅमा म्हणतात. वेग वाढेल तसा गॅमा वाढतो : प्रकाशाच्या ८० टक्के वेगाला १.६७, ९९.५ टक्के वेगाला सुमारे १०. आणि ताशी १६० किलोमीटरनं धावणाऱ्या आपल्या रेल्वेगाडीत? तासाभरात जो फरक पडतो तो सेकंदाच्या एक हजार कोटीव्या भागाहूनही कमी. म्हणून रोजच्या जगण्यात हे कळत नाही. गाडी चुकली तर आइन्स्टाइनला दोष देऊ नका.

इथं एक शंका हटकून येते : "प्रकाशाचं घड्याळ मंद झालं असेल, पण माझ्या मनगटावरचं कशाला होईल?" उत्तर पहिल्या गृहीतकात आहे. मनगटावरचं घड्याळ मंद झालं नाही आणि प्रकाशाचं झालं, तर दोघांची तुलना करून गाडीतल्या मुलीला बंद खिडक्यांआड कळेल की गाडी धावते आहे. तेच तर शक्य नाही. म्हणून घड्याळ कुठलंही असो, हृदयाचे ठोके असोत किंवा म्युऑनचं विघटन, सगळं त्याच प्रमाणात मंद होतं. आणि गाडीतल्या मुलीला यातलं काहीच जाणवत नाही. तिचा तास तिला तासाएवढाच वाटतो.

दुसरी शंका : डब्याची उंची दोघांनाही चार मीटरच कशी? वेगामुळे ती बदलली नाही का? दोन अगदी सारख्या बांगड्या समोरासमोरून एकमेकींकडे येताहेत असं समजा. वेगामुळे बांगडीचा घेर लहान होत असता, तर पहिली म्हणाली असती, "दुसरी लहान झाली, माझ्या आतून गेली." दुसरी म्हणाली असती, "नाही, पहिली माझ्या आतून गेली." पण कोण कुणाच्या आतून गेलं याबद्दल दोन उत्तरं असू शकत नाहीत. ती घडलेली गोष्ट आहे. म्हणून वेगाच्या आडव्या दिशेतली मापं बदलत नाहीत. ही 'घडलेली गोष्ट' लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

लांबी कशी आखडते?

वेळ सापडला की लांबी आपोआप सापडते, वेगळी सूत्रपट्टी नको. फलाटाची लांबी मोजायचीय. फलाटावरची मंडळी म्हणतात, "गाडीतली ती मुलगी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला अमुक वेळ लागला." मुलीच्या घड्याळात त्या वेळाच्या फक्त चार पंचमांश वेळ झाला. एकमेकांचा वेग किती, यावर दोघांचं एकमत आहे. मग मुलगी म्हणणार, "वेग तोच, वेळ चार पंचमांश, म्हणजे फलाटच चार पंचमांश लांबीचा आहे." शंभर मीटरचा फलाट तिच्या मापानं ८० मीटर. झालं लेंग्थ कॉन्ट्रॅक्शन.

नीट पाहा, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. फलाटावरून पाहिलं तर तिचं घड्याळ मंद. गाडीतून पाहिलं तर फलाट आखूड. एकाच घटनेच्या या दोन बाजू आहेत. परीक्षेत दोन वेगळी सूत्रं येतात म्हणून आपण दोन वेगळे चमत्कार समजतो.

डोंगरावरचा प्रयोग

आता कागदावरून प्रत्यक्षात येऊ. आणि इथं आपल्या ओळखीचं एक नाव येतं. १९३८ साली होमी भाभा इंग्लंडमध्ये केंब्रिजला होते. वैश्विक किरणांत नव्यानंच सापडलेल्या जड कणांची तेव्हा जोरात चर्चा होती. 'नेचर' या नियतकालिकातल्या एका छोट्या टिपणात भाभांनी मुद्दा मांडला की, असा कण आपोआप विघटित होत असेल तर तो एक घड्याळच आहे, आणि मग सापेक्षतेनुसार धावत्या कणाचं विघटन लांबायला हवं. म्हणजे आकाशातून पडणाऱ्या कणांकडे घड्याळ म्हणून बघा, हे मुंबईत जन्मलेल्या या माणसानं त्या काळातच सांगून ठेवलं होतं.

पुढे १९४१ मध्ये ब्रुनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडोत, एको लेक इथं आणि त्याच्या दीड किलोमीटरहून अधिक खाली असलेल्या डेन्व्हर शहरात हे कण मोजले. जास्त वेगाचे कण जास्त टिकतात, हे त्यांना आढळलं. इटलीतल्या वंशभेदी कायद्यांमुळे रॉसींना पादुआतलं प्राध्यापकपद सोडून परदेशी जावं लागलं होतं. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांतली ही गोष्ट.

पण मला सगळ्यात आवडतो तो १९६३ साली प्रसिद्ध झालेला डेव्हिड फ्रिश आणि जेम्स स्मिथ यांचा प्रयोग, कारण तो विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठीच केला होता, त्याची फिल्मसुद्धा काढली होती. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात माउंट वॉशिंग्टन नावाचा डोंगर आहे, माथा सुमारे १९०० मीटरवर. तिथं त्यांनी एक शोधक यंत्र ठेवलं. त्यावर लोखंडाचा जाड थर रचला, म्हणजे ठरावीक वेगाचे म्युऑनच लोखंडातून येऊन यंत्रात थांबतील. त्यांनी निवडलेले म्युऑन प्रकाशाच्या ९९.५ टक्क्यांच्या थोडं वर पळणारे होते.

म्युऑन यंत्रात थांबला की एक लखलख, विघटित झाला की दुसरी लखलख. दोन्हींमधला वेळ टिपायचा. यातून थांबलेले म्युऑन किती वेळ टिकतात हे तिथल्या तिथंच कळलं. माथ्यावर तासाला सरासरी ५६३ म्युऑन मोजले गेले.

मग यंत्र खाली आणलं, समुद्रसपाटीजवळच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात. डोंगराची उंची उतरायला या म्युऑनना लागतात ६.४ मायक्रोसेकंद. थांबलेल्या म्युऑनच्या हिशेबानं ५६३ पैकी तिशीच्या आसपास उरायला हवे होते. प्रत्यक्षात किती मिळाले? तासाला ४०८!

५६३ चे ४०८ व्हायला थांबलेल्या म्युऑनना फक्त ०.७ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे आपल्या घड्याळात ६.४ झाले तेव्हा म्युऑनच्या घड्याळात ०.७ च झाले. सुमारे नऊपट फरक. हवेतून उतरताना आणि यंत्रात शिरताना वेग थोडा घटतो, तो धरून सापेक्षतेचं गणित साडेआठपट सांगत होतं. प्रयोगातल्या अनिश्चिततेच्या मर्यादेत दोन्ही जुळले.

ज्यांना हवा, डोंगर, लोखंड यांत काही गडबड वाटते त्यांच्यासाठी : १९७७ साली सर्न प्रयोगशाळेनं म्युऑन एका वर्तुळाकार नळीत प्रकाशाच्या ९९.९४ टक्के वेगानं फिरवले. त्यांचं आयुष्य भरलं ६४.४ मायक्रोसेकंद. २.२ ऐवजी ६४.४. गॅमा होता २९.३. गुणाकार करून बघा.

आता म्युऑनच्या खांद्यावर बसू

इथपर्यंत आपण जमिनीवरून बोललो : म्युऑनचं घड्याळ मंद, म्हणून तो टिकला. पण म्युऑनला विचारलं तर? तो म्हणेल, "माझं घड्याळ एकदम ठीक आहे. मी तर जागच्या जागी आहे. तुमचा डोंगर, तुमची जमीन, सगळं माझ्याकडे झेपावत आलं." मग ०.७ मायक्रोसेकंदांत तो खाली कसा पोचला? तो म्हणेल, "डोंगर होताच केवढासा? जेमतेम सव्वादोनशे मीटर."

१९०० मीटर भागिले साधारण नऊ. डोंगर रुंदीला तेवढाच, फक्त उंचीला आखडलेला, कारण वेग त्या दिशेत आहे.

आपण म्हणतो वेळ ताणला, तो म्हणतो अंतर आखडलं. भांडण लावायचं तर लावा. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे : खाली ४०८ पोचले. यंत्रातली लखलख ही घडलेली गोष्ट आहे, बांगडीतून बांगडी जाण्यासारखी. ती आपल्यासाठी घडली आणि म्युऑनसाठी घडली नाही असं होत नाही. सापेक्षता म्हणजे "ज्याचं त्याचं खरं", असं काही लोक मोठ्या आत्मविश्वासानं सांगतात. ते साफ चूक आहे. कहाणी ज्याची त्याची, निकाल सगळ्यांचा एकच.

मग मंद घड्याळ कुणाचं?

आता तो अवघड प्रश्न. म्युऑनच्या बाजूनं पाहिलं तर धावतेय पृथ्वी. म्हणजे त्याच्या मते पृथ्वीवरची घड्याळं मंद. त्याच्या ०.७ मायक्रोसेकंदांत पृथ्वीवरच्या घड्याळात त्याच्या नवव्या हिश्शाएवढाच, म्हणजे सुमारे ०.०८ मायक्रोसेकंद वेळ जायला हवा. पण आपण तर म्हणतो ६.४ गेला. सापडला ना विरोधाभास?

थांबा. ६.४ आपण मोजला कसा? एक घड्याळ डोंगरमाथ्यावर, एक पायथ्याशी. माथ्यावरच्या घड्याळात शून्य वाजले तेव्हा म्युऑन तिथून गेला, पायथ्याच्या घड्याळात ६.४ वाजले तेव्हा खाली पोचला. म्हणजे आपण दोन घड्याळं वापरली, आणि ती आपण एकाच वेळी शून्यावर लावली होती.

मेख आहे 'एकाच वेळी' या शब्दांत. प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखा असेल, तर लांब असलेल्या दोन घटना एकाच वेळी घडल्या की नाही याबद्दल वेगवेगळ्या वेगानं चाललेल्यांचं एकमत होत नाही. डोंगराच्या बरोबर मध्यावर दिवा लावून दोन्हीकडे झोत सोडला आणि झोत पोचताच घड्याळं सुरू केली, तर आपल्या मते दोन्ही एकदम सुरू झाली. पण म्युऑनच्या मते पायथा झोताकडे धावत येतोय आणि माथा झोतापासून पळतोय. म्हणून पायथ्याशी झोत आधी पोचला आणि ते घड्याळ आधी सुरू झालं.

किती आधी? गणित सांगतं, म्युऑन माथ्यावर असतानाच, त्याच्या हिशेबानं पायथ्याच्या घड्याळात ६.३२ मायक्रोसेकंद वाजून गेले होते. त्यात ०.०८ मिळवा. झाले ६.४! म्युऑन म्हणतो, "तुमची घड्याळं मंदच चालतात. पण खालचं घड्याळ मुळातच पुढे होतं." खाली पोचल्यावर घड्याळात किती वाजले यावर पुन्हा दोघांचं एकमत.

म्हणून दोघांनी एकमेकांच्या घड्याळाला मंद म्हणण्यात विरोधाभास नाही. कालविस्तार, लांबीचं आकुंचन आणि 'एकाच वेळी'चा घोळ ही तिपाई आहे. पुस्तकं पहिले दोन पाय दाखवतात, तिसरा घाईत उरकतात. मग तिपाई डुगडुगते आणि विद्यार्थ्याला वाटतं आपल्यालाच कळत नाही. लांबीचंही तेच : धावत्या वस्तूची लांबी मोजायची म्हणजे तिची दोन्ही टोकं एकाच वेळी कुठं आहेत ते टिपायचं. 'एकाच वेळी' बदललं की लांबी बदलणारच. डोंगराला कुणी दाबत नाही, एकही दगड चुरगळत नाही.

आइन्स्टाइनच्या आधी, १८८९ मध्ये फिट्झजेराल्ड आणि १८९२ मध्ये लॉरेंट्झ यांनी धावती वस्तू आखडते असं सुचवलं होतं. पण वस्तूवर खरोखरच काही परिणाम होतो आणि ती आत दबते, अशी त्यांची समजूत होती. आइन्स्टाइननं दाखवलं की दाबायला कुणी लागत नाही, मोजण्याच्या अर्थातच ते दडलेलं आहे.

दिसतं की असतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातूनच येतं. हा डोळ्यांचा भास नाही. उलट, डोळ्यांना किंवा कॅमेऱ्याला दिसणारं चित्र आणखी वेगळंच असतं, कारण वस्तूच्या लांबच्या भागातून निघालेला प्रकाश उशिरा पोचतो. १९५९ साली पेनरोज आणि टेरेल यांनी दाखवलं की प्रचंड वेगानं जाणाऱ्या चेंडूचा फोटो काढला तर बाह्यरेषा गोलच दिसेल, चपटी नाही. म्हणून आपण 'दिसतं' न म्हणता 'मोजलं जातं' म्हणायचं. आणि ४०८ म्युऑन जिवंत पोचतात, याहून खरं आणखी काय असू शकतं?

तुमच्या मोबाइलमध्ये

मॅप उघडल्यावर जो निळा ठिपका दिसतो, तोही या हिशेबावर उभा आहे. जीपीएसचे उपग्रह सेकंदाला सुमारे ३.९ किलोमीटर वेगानं फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळं दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. आणि उंचावर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे, हा सामान्य सापेक्षतेचा भाग आहे, ती ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. वजाबाकी केली की दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे. तेवढ्या वेळात प्रकाश अकरा किलोमीटरहून जास्त जातो.

१९७७ मध्ये एनटीएस-२ नावाचा चाचणी उपग्रह सोडला, तेव्हा ही दुरुस्ती करणारी यंत्रणा त्यात होती, पण सुरुवातीचे वीसेक दिवस ती बंद ठेवली होती. घड्याळ गणितानं सांगितलं होतं जवळजवळ तेवढंच पुढे पळालं. मग दुरुस्ती चालू केली. आपल्या नाविक उपग्रहांनाही हाच हिशेब करावा लागतो, कक्षा वेगळी म्हणून आकडे वेगळे, एवढंच.

परीक्षेत गुणायचं की भागायचं?

जाता जाता कामाची गोष्ट. गणित समोर आलं की आधी सूत्र लिहू नका. आधी दोन घटना ठरवा. मग विचारा : दोन्ही घटनांच्या जागी हजर असलेलं एकच घड्याळ कुणाचं? म्युऑनच्या बाबतीत, माथा आणि पायथा दोन्हीकडे म्युऑन स्वतः हजर होता. ज्याचं घड्याळ हजर, त्याचा वेळ सगळ्यात कमी. त्याला स्वकाल म्हणतात. बाकी सगळ्यांचा वेळ म्हणजे स्वकाल गुणिले गॅमा.

लांबीसाठी विचारा : वस्तू कुणाच्या मते स्थिर आहे? डोंगर आपल्या मते स्थिर, म्हणून आपली १९०० मीटर ही सगळ्यात जास्त लांबी, म्हणजे स्वलांबी. बाकी सगळ्यांची लांबी म्हणजे स्वलांबी भागिले गॅमा. एवढे दोन प्रश्न विचारलेत तर गुणाकार-भागाकाराची अदलाबदल होणार नाही.

आणि कुणी म्हणालं, "हे सगळं कागदावरचं आहे," तर त्याला उटीला पाठवा. भाभांनी मुंबईत उभी केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था तिथं ग्रेप्स-३ नावाचा प्रयोग चालवते. ५६० चौरस मीटरचा म्युऑन शोधक तिथं रात्रंदिवस चालू असतो, १५ किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या पाहुण्यांची मोजदाद करत.

घरचा अभ्यास : ३-४-५ ऐवजी ५-१२-१३ चा त्रिकोण घ्या. डबा १२ मीटर उंच, तिरपा प्रवास १३ मीटर, गाडी सरकली ५ मीटर. गाडीचा वेग प्रकाशाच्या किती पट? गॅमा किती? आणि शंभर मीटरचा फलाट गाडीतून किती मीटरचा? उत्तरं व्हॉइस नोटनं पाठवा. पुढच्या भागात जुळ्या भावंडांचं कोडं सोडवू : एक अंतराळात फिरून येतो, एक घरी राहतो, तर वय कुणाचं वाढतं? तोवर भेटू, काळजी घ्या!